सहा फूट दीड इंच, चपला काढून

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून ज्या संपादकबाईंचा फोन आला, त्यांनी विषयही सुचवला होता: पुरुषांच्या धंद्यातली एक स्त्री. मी म्हटलं, बाई असणं हे काही मी केलेलं काम नाही, त्याचं कौतुक कशाला? लिहायचंच तर मी फ्रेमच्या मापाबद्दल लिहीन. मग त्यांनी विचारलं, "कसली फ्रेम? फोटोची?" सायकलच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला असल्या प्रश्नांची सवय व्हायला हवी होती. मला मात्र प्रत्येक वेळी नव्याने धक्का बसतो. आमचे यजमान म्हणतात, सकाळी दूधवाला वेळेवर आला तरी हिला आश्चर्य वाटतं.

तर फोटोची नव्हे, सायकलची फ्रेम. आणि त्यातही डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकलची, आणि त्यातही उंच माणसासाठी. एवढ्याशा विषयावर कुणी काय लिहिणार, असं मलाही गेल्या वर्षीच्या गणपतीपर्यंत वाटत होतं.

आमचं दुकान अंबरनाथ पूर्वेला. सासऱ्यांनी ते टाकलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे फॅक्टरीतले कामगार आणि सायकल म्हणजे काळी सायकल. मापं दोनच लक्षात ठेवायची, बावीस आणि चोवीस. उंच माणसाला चोवीस, बाकी सगळ्या जगाला बावीस. पाय पोचत नसतील तर सीट खाली, गुडघे दुखत असतील तर सीट वर. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला हे सगळं शास्त्र चहाचा कप संपायच्या आत शिकवलं होतं.

मग गिअरच्या सायकली आल्या. चिखलोलीला, बदलापूरला बिल्डिंगी उठल्या, त्यात राहायला आलेली माणसं शनिवार-रविवारी हेल्मेट घालून बारवी धरणाकडे, मलंगगडाच्या पायथ्याकडे जायला लागली. फ्रेमला स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्सएल अशी मापं आली आणि लोकांचा समज झाला की हे शर्टासारखंच असतं. एक गृहस्थ दुकानात शिरले ते थेट म्हणाले, "मला लार्ज द्या, मी बनियनही लार्जच घालतो." दुसऱ्या एका बापाने सातवीतल्या मुलासाठी एक्सएल मागितली, कारण मुलगा वाढता होता आणि सायकल कॉलेजपर्यंत टिकायला हवी होती. त्याला समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी तो माझ्यावरच उखडला आणि छत्री विसरून निघून गेला.

उंच माणसांची खोड वेगळी. त्यांना छोटी सायकल हवी असते. लहानपणापासून पंख्याला, दाराला, बसच्या दांड्याला डोकं आपटून घेतल्यामुळे असेल, पण जरा कमी जागा व्यापावी असं त्यांना मनातून वाटत असतं. बँकेतले एक साहेब होते, चांगले सव्वासहा फूट. छोट्या फ्रेमवर बसून त्यांनी दुकानासमोर एक फेरी मारली. गुडघे हँडलला घासत होते आणि ते हसतमुखाने म्हणत होते, "चपळ आहे हो ही!" समोरचा वडापाववाला तळायचं थांबवून बघत राहिला होता.

आता माप कसं घेतात ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. चपला काढून, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक धरायचं आणि ते वर सरकवत न्यायचं, सीटवर बसल्यासारखं घट्ट लागेपर्यंत. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची आतली लांबी. सगळ्या कंपन्यांच्या सूचनांमध्ये पुस्तकच लिहिलेलं असतं. हे लिहिणारे कधी मराठी घरात राहिलेले नसावेत. मी पहिल्यांदा ही पद्धत वापरली ती एका निवृत्त मुख्याध्यापकांवर. त्यांच्या हातात जाडजूड पुस्तक दिलं, त्यांनी ते आधी कपाळाला लावलं आणि विचारलं, "कुठलं पान?" ते कुठे धरायचं हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मीच ओशाळले. "वहिनी, विद्या आहे ती!" एवढं बोलून ते गेले. दुसऱ्या दिवशी परत आले ते घरचा एक मोडका पाट घेऊन. यजमानांनी त्याची फळी कापून, घासून गुळगुळीत केली. आज आमच्याकडे माप घेतात ते त्या फळीने.

उंची विचारून भागत नाही का, असं लोक विचारतात. नाही भागत. उंची ही लोकांनी कुठेतरी सांगून ठेवलेली असते आणि मग तीच सांगत राहावी लागते. पायाची आतली लांबी कुणालाच ठाऊक नसते, त्यामुळे तिच्याबद्दल खोटं बोलायची वेळ येत नाही. सायकल दोन पायांत घेऊन उभं राहिलं की वरच्या आडव्या दांड्यात आणि आपल्यात चार बोटं तरी मोकळी हवीत, कारण डोंगरात कधी पाय टेकावा लागेल ते सांगता येत नाही. आणि बसून हँडल धरलं की पाठ ताणलेली नको आणि मुडपलेलीही नको. हे दोन्ही जमलं की फ्रेम बरोबर.

छोट्या फ्रेमवर उंच माणूस बसला की तो सीट चढवत जातो. सीट जेवढी वर, तेवढं अंगाचं वजन पुढे. सपाट रस्त्यावर नुसती पाठ दुखते, पण उतारावर पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून सरळ समोर जातो. म्हणून सीटच्या दांड्यावर कंपनीने एक रेघ मारलेली असते. तेवढा दांडा उभ्या नळीच्या आत राहिलाच पाहिजे, रेघ बाहेर दिसता कामा नये. आमच्या धंद्यातली ती लक्ष्मणरेषा.

गणपती होऊन गेले होते, पाऊस ओसरला होता. दुपारी मी काउंटरवर बसले होते. दुकानाच्या दारात आम्ही वरच्या हुकांना टायर टांगतो, तिथून एक मुलगी आत आली. आली म्हणजे मान आणि खांदे दोन्ही खाली घालून, टायरांखालून सवयीने वाकून आली, आणि आत आल्यावरही पुरती सरळ झाली नाही. मागोमाग तिने सायकल ओढून घेतली. सायकलची सीट माझ्या खांद्याशी येत होती. मी आधी सीटकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा सीटकडे.

"काकू, सीटखालून कुईकुई वाजतं. जरा ग्रीस लावून देता का? रविवारी राइड आहे, बारवीच्या पुढच्या उतारावर."

तिचं नाव ऋतुजा भोईर. घर बदलापूरला बेलवलीत, नोकरी इथे एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. सायकल स्वतःच्या पगारातून ऑनलाइन घेतलेली, हे तिने आपणहून सांगितलं आणि सांगताना हँडलवरून हात फिरवला. सायकल चांगलीच होती. फक्त मीडियम होती.

"एवढा लांब दांडा तुला कुठे मिळाला?" मी विचारलं.

"सायकलबरोबरचा पुरत नव्हता. मग उल्हासनगरला एक सिंधी लेथवाले आहेत, सगळे साईं म्हणतात त्यांना, त्यांनी बनवून दिला. एकदम मजबूत आहे."

यजमानांनी पकड ढिली करून दांडा वर ओढला. जाड, चकचकीत, पोलादी पाइप. त्यावर रेघ नव्हती. लेथवर बनवलेल्या पाइपावर कोण रेघ मारणार? त्यामुळे तो किती आत ठेवायचा हे तिला कळायला मार्गच नव्हता, आणि उंची मिळावी म्हणून तिने जेमतेम चार बोटं आत ठेवला होता. बाकीचा सगळा बाहेर, आणि त्याच्या टोकावर ती. यजमानांनी नळीवरची धूळ फडक्याने पुसली, चष्मा काढला, परत घातला आणि मला हाक मारली. नळीला चीर गेली होती. वरच्या आडव्या दांड्याच्या जोडापाशी सुरू होऊन जवळजवळ अर्ध्या नळीला वळसा घालून गेलेली. त्यांनी अंगठ्याने दाबलं तर ती उघडत होती आणि मिटत होती. तोच तो कुईकुई आवाज.

मी खाली स्टुलावर बसले. सायकलचे अपघात मी पाहिलेले आहेत, पण व्हायचा राहिलेला अपघात असा हातात घेऊन कधी पाहिला नव्हता. उतारावर ती नळी तुटली असती तर तो पोलादी पाइप कुठे गेला असता, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो तिथेच थांबवला.

"ह्याच्यावरून तू डोंगर उतरत होतीस?"

"वाजायचं फक्त," ती हळूच म्हणाली. चीर बघून तिचाही रंग उडाला होता.

मी संतापाने त्या लेथवाल्याला फोन लावला. नंबर तिनेच दिला. मला वाटलं होतं हा आता गयावया करेल.

"भाभी, मेरा पाइप टूटा?"

"नहीं."

"टेढ़ा हुआ?"

"नहीं, लेकिन..."

"फिर? बच्ची बोली लंबा चाहिए, मैंने लंबा दिया. पाइप की गारंटी मेरी, सायकल की थोड़ी ना!" मग एकदम आवाज बदलून, "बच्ची ठीक है ना?" मी ठीक आहे म्हटल्यावर त्याने झुलेलालचं नाव घेतलं आणि यापुढे पाइपावर रेघ मारूनच देईन असं कबूल केलं. ह्या माणसावर धड चिडायचीही सोय राहिली नाही.

फोन ठेवून मी तिला विचारलं, "उंची किती तुझी?"

"पाच सात."

मी मान वर करून तिच्याकडे बघितलं. यजमान पाच आठ आहेत. ते कामावरून उठून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, त्यांचं टक्कल तिच्या नाकाशी आलं.

"पाच सात?" मी पुन्हा विचारलं.

"आठ असेल फार तर," ती म्हणाली. "कॉलेजच्या फॉर्मवर पण तेच आहे. मी त्या साइटवरच्या चार्टमध्ये पाच सातच टाकलं, त्यांनी मीडियम दाखवली. बरोबर आहे ना?"

मला वाटलं होतं ती लपवतेय. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लक्षात आलं की नाही, ती खरंच बोलतेय. शाळेतून बाहेर पडल्यापासून तिला कुणी भिंतीला उभं केलंच नव्हतं. कुणीतरी तिची उंची एकदा ठरवली होती आणि ती बिचारी त्यावर विश्वास ठेवून वाकून चालत होती. चिरलेल्या नळीपेक्षा मला ह्याचा धक्का जास्त बसला.

ही सायकल दुकानाबाहेर जाणार नाही, असं मी सांगितलं. ती रडवेली झाली. "काकू, असं नका करू, रविवारी 'ते' पण येणार आहेत." 'ते' म्हणजे कोण हे मी विचारायच्या आत तिने पप्पांना फोन लावला आणि पप्पा स्कूटर घेऊन बेलवलीहून निघाले.

भोईर म्हणजे मूळचे शेतीवाले, आता टेम्पोचा धंदा. ठेंगणे, दणकट, पांढऱ्या मिशा. आत आले ते लेकीच्या अंगाला कुठे लागलंय का हे बघत, आणि चीर दिसल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. मी त्यांना दांडा, रेघ, वजन सगळं समजावलं. पोरीला एक्सएल फ्रेम लागेल आणि तशी एक आमच्याकडे आहेही, हे सांगितलं. ती एक्सएल बरीच वर्षं मागच्या भिंतीवर टांगलेली होती. कुणाला बसत नाही म्हणून यजमान मला ती मागवल्याबद्दल अधूनमधून टोमणे मारायचे.

भोईर सायकलजवळ गेले. नळीवरच्या छोट्या स्टिकरवर बोट ठेवून म्हणाले, "वैनी, हा एक्सएल लिवलेला हाय तो काढता येल का? त्याच्या जागी एम लावा."

"का?"

"पोरगा पण सायकलवाला हाय ना. त्याला लगेच कळंल."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कल्याणचं स्थळ. मुलगा इंजिनिअर, उंची पाच नऊ, डोंगरात सायकल चालवणारा, आणि मुलीलाही तोच नाद म्हणून खूश. बोलणी चांगली चालली होती. त्यांना मुलीची उंची पाच सात सांगितलेली. फोटो बसून काढलेला. व्हिडिओ कॉलही बसून. आता रविवारी दोघं बाकीच्या ग्रुपबरोबर राइडला भेटणार होते.

"भेटल्यावर कळणारच ना हो!" मी म्हटलं.

"नाय कळाचा. सायकलवर बसल्यावर कुठं कळतं? ही सायकलवरच येईल, सायकलवरच बोलंल, सायकलवरच जाईल."

मी यजमानांकडे बघितलं. ते पान्याकडे बघत होते.

"आणि लग्न काय सायकलवर बसून लावणार?"

भोईर चिडले नाहीत. स्टुलावर टेकले. "काय सांगाचा तुमाला वैनी. पोरगी लय उंच हाय बोललो की लोक फोनच ठेवतात. पाच सात बोललो तर निदान घरी येऊन चा पितात. तिला बघतील, तिच्याशी बोलतील, पोरगी आवडंल त्यांना. मंग उंची कळली तर कळली. माझी पोरगी वाईट हाय का?"

खोटं बोलणारा बाप मला कळतो, पण हा माणूस लेकीला चार लोकांनी घरी येऊन बघावं एवढ्यासाठी खोटं बोलत होता. ऋतुजा मागे पंपाशी उभी राहून हे सगळं ऐकत होती, आणि ती आणखी वाकली होती.

"स्टिकरचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी माप. मापाशिवाय मी सायकल देत नाही. चपला काढ गं."

ती भिंतीला लागली. पाठ टेकली होती, खांदे टेकले नव्हते.

"सरळ उभी राहा."

"सरळच आहे काकू."

मी पुढे होऊन तिचे दोन्ही खांदे धरून भिंतीला लावले. हनुवटी उचलली. ती वर गेली. मग पोटात श्वास घ्यायला सांगितला, ती आणखी वर गेली. मागून यजमान म्हणाले, "अजून आहे का?" आधी फळीने पायाचं माप घेतलं. एवढे लांब पाय आमच्या भिंतीने आजवर दोन-चार पुरुषांचेच पाहिले असतील. मग डोक्यावर काटकोन्या धरायचा होता. माझा हात पोचत नव्हता. मी तो भोईरांच्या हातात दिला. त्यांचाही पोचेना. एवढी वर्षं तिच्याबरोबर राहून त्यांना तेव्हा पहिल्यांदाच स्टुलावर चढावं लागलं.

त्यांनी पेन्सिलने खूण केली. ऋतुजा बाजूला झाली. ते टेप लावून बघत राहिले. पुन्हा खालून टेप धरायला लावली, पुन्हा बघितलं.

"वैनी, ही टेप बराबर हाय ना?"

"आकडा बोला."

"सहा फूट." मग टेपवर नख ठेवून पुढचं मोजलं. "दीड इंच."

"काय?" ऋतुजा म्हणाली. ती भिंतीकडे वळली, खुणेसमोर उभी राहिली. खूण तिच्या डोळ्यांच्याही वर होती. "मी सहा फूट आहे? पप्पा, मी सहा फूट आहे?" तिने तोंडावर हात ठेवला. मला कळेना ती हसतेय की रडतेय. "म्हणून सगळे ड्रेस आखूड होतात! मला वाटायचं टेलर कापड मारतो."

भोईर स्टुलावरच उभे होते. उतरायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. लेकीच्या चेहऱ्यासमोर त्यांचा चेहरा आला होता, आणि इतक्या समोरून त्यांनी तिला बहुधा कडेवर होती तेव्हाच बघितलं असेल.

मी तिला एक्सएलवर बसवलं. यजमानांनी सीट ठरवली, रेघ नळीच्या चांगली आत राहिली. गुडघे हँडलपासून लांब, पाठ मोकळी. गल्लीत एक फेरी मारायला सांगितली. ती गेली आणि मी काउंटरमागून बघत राहिले. त्या सायकलवर तिला वाकायला जागाच नव्हती. परत आली तेव्हा दोन्ही पाय टेकून उभी राहिली, दांड्याच्या वर चार बोटं मोकळी होती, आणि म्हणाली, "काकू, ही तर छोटी वाटतेय!" बरोबर मापाची सायकल पहिल्यांदा चालवणारे सगळे हेच म्हणतात.

तेवढ्यात भोईरांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि आमच्याकडे बघितलं. कल्याणहून मुलाचे वडील, रविवारची वेळ ठरवायला. "हो हो, सात वाजता. हो, येल ना." मग ते दाराकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं आता फोन ठेवतील.

"एक सांगाचं राहिलंय," ते म्हणाले. "पोरीची उंची आमी चुकीची सांगितली. सहा फूट दीड इंच हाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाय नाय. चपला काढून."

यजमानांच्या हातातलं फडकं तसंच हातात. मला बसलेले सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. थोड्या वेळापूर्वी ह्या माणसाला स्टिकर बदलून हवा होता! पलीकडचं बोलणं फार वेळ चाललं नाही. फोन खिशात ठेवून ते म्हणाले, "कळवतो बोलले."

'कळवतो' म्हणजे काय हे मुलीच्या बापाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ऋतुजाने सायकल स्टँडला लावली आणि येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिला वाईट वाटलं होतं. ते तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं आणि तिने लपवलंही नाही. मुलगा तिला आवडला होता.

सायकलचे ब्रेक आणि गिअर लावायला वेळ हवा होता, म्हणून शनिवारी न्यायला बोलावलं. मधल्या काळात यजमानांनी ती चिरलेली फ्रेम करवतीने मधोमध कापली. आमच्याकडे असंच करतात. अख्खी भंगारात गेली तर कुणीतरी वेल्डिंग मारून, रंग देऊन परत विकतो आणि मग दुसऱ्याच कुणाच्या लेकीखाली ती तुटते. चांगली फ्रेम होती. माप बरोबर मिळालं असतं तर जन्मभर चालली असती, ह्याची हळहळ मला अजूनही वाटते.

शनिवारी दोघं आले. मी काही विचारायच्या आत भोईर म्हणाले, "नाय आला फोन." मग सायकलकडे हात करून, "ही जाणार हाय उद्या. ग्रुप तर हायच ना. राइड काय त्यांच्या बापाची नाय." ऋतुजा हसली.

भोईरांनी सायकलला प्रदक्षिणा घातली. नळीपाशी येऊन थांबले, स्टिकरवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा एम मागतात.

"वैनी, हा पावसापाण्यात निघून तर नाय जाणार?"

"निघेल कालांतराने."

"मंग वरतून चिकटपट्टी मारा. चांगली रुंद मारा."

मी मारली. चांगली रुंद, नळीला पूर्ण वेढा घालून. असलं काम मी आयुष्यात कधी केलेलं नाही.

ऋतुजाने हेल्मेट हँडलला अडकवलं, सायकल धरली आणि दाराकडे निघाली. आली होती तेव्हा टायरांखालून वाकून आली होती. आता ती बोलण्याच्या नादात सरळ चालत गेली, आणि धाडकन टायर तिच्या कपाळावर बसला. हुकावरचे सगळे टायर हलले. मी "अगंबाई!" म्हणून पुढे धावले. ती कपाळ चोळत मागे सरली आणि सवयीने खांदे पाडून, मान खाली घालून पुन्हा निघाली.

"थांब," भोईर म्हणाले. आवाज असा होता की ती जागच्या जागी थांबली. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं, दारात ठेवलं, त्यावर चढले आणि हात वर करून एकेक टायर काढायला लागले.

"वैनी, ह्यांचे हुक वर घ्या," ते म्हणाले. "पोरगी जाते हाय."